डहाणू-तलासरीत, सूर्यास्तापूर्वी

डहाणू रोड स्थानकावर उतरणाऱ्या साधर्मिक पाहुण्यांचा पहिला प्रश्न बहुधा देरासराचा असतो आणि दुसरा जेवणाचा. “इथे बाहेर आपल्याला चालेल असे काय मिळते?” सोलापूरहून लग्न होऊन मी या गावी आले, त्याला आता ३१ वर्षे झाली. माहेरची भाषा मराठी, सासरची गुजराती, आणि दोन्हीकडच्या नातलगांचा जाण्यायेण्याचा मार्ग आमच्या गावावरून. कोणी शंखेश्वरला निघालेले असतात, कोणी पालिताण्याला, कोणी नुसतेच समुद्र पाहायला. त्यामुळे हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून काढावे, असे बरेच दिवस मनात होते.

उत्तराचा थोडका भाग असा : मिळते, मात्र घड्याळाकडे पाहून निघावे लागते. डिसेंबरच्या आरंभी आमच्याकडे सूर्य सहाच्या सुमारास समुद्रात बुडतो, जूनअखेर सव्वासातनंतर. गावातल्या बहुतेक उपाहारगृहांत दुपारचे जेवण तीनला आटोपते आणि रात्रीची चूल सातच्या आसपास पेटते. म्हणजे चौविहार करणारा माणूस ज्या वेळी जेवायला बसू पाहतो, नेमका त्याच वेळी आचारी आडवा झालेला असतो. पदार्थाच्या शुद्धाशुद्धतेचा विचार नंतरचा; पहिली अडचण ही वेळेची आहे आणि मुंबईहून येणारे पाहुणे ती हमखास विसरतात. दुपारी निघून किनाऱ्यावर रमतात, सूर्यास्ताची छायाचित्रे काढतात, आणि मग “आता जेवू या” म्हणतात. ज्यांचे पच्चक्खाण आहे त्यांनी छायाचित्रे काढण्याआधी जेवावे. आधी फोन केला तर दोन-तीन ठिकाणी साडेचार-पाचला ताजे रांधून देतात, हा माझा अनुभव आहे. न सांगता गेलात तर सकाळचे उरलेले गरम होऊन येईल.

या वेळेच्या प्रश्नाला आमच्या घरात आणखी एक बाजू आहे. एप्रिल २०१३ मध्ये पश्चिम रेल्वेची लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि चर्चगेटपासून सुमारे १२४ किलोमीटरवर असलेले हे गाव मुंबईचे उपनगर झाले, निदान वेळापत्रकात तरी. आमची कन्या अंधेरीला नोकरीस आहे. कचेरी सहाला सुटते, घरी पोहोचायला नऊ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत सूर्य तिच्या कचेरीच्या खिडकीबाहेरच मावळतो. पहिल्या वर्षी ती दुपारी एकचा डबा खाऊन दुसऱ्या दिवशीच्या नवकारशीपर्यंत तशीच राहत असे. दोन महिन्यांत तिचे गाल आत गेले. सासूबाई आता ऐंशीच्या घरात आहेत, चौविहार त्यांनी तरुणपणापासून सोडलेला नाही. त्यांनी नातीला नियम सोड असे म्हटले नाही, पाळलाच पाहिजेस असेही म्हटले नाही. त्या एक दिवस पहाटे उठल्या आणि तिचा दुसरा डबा भरू लागल्या. साधे थेपले, कच्च्या केळ्याची सुकी भाजी. तिथी असेल तर भाजीऐवजी छुंदा किंवा मूग. सव्वापाचला कचेरीच्या चहाखोलीत हा डबा उघडतो. सहकारी आधी हसत. आता त्यांतले दोघे त्या वेळी आपापले डबे घेऊन तिच्याजवळ बसतात, असे ती सांगते. तिला बाहेर जेवायला न्यायचे तर उरतो तो रविवार, आणि आमच्या कुटुंबाची हॉटेलात जाण्याची वेळ म्हणून दुपारचे चार ही आहे. लोक चहा पिऊ लागतात तेव्हा आम्ही रोटला मागवतो.

आता पदार्थांविषयी. पाटीवर किंवा पदार्थांच्या यादीत ‘जैन’ हा शब्द आला की आपण निर्धास्त होतो. या शब्दावर माझा विश्वास नाही. एका ठिकाणी मागवलेल्या ‘जैन पनीर’ला लसणाचा वास आला. वाढप्याला विचारले तर तो निरागसपणे म्हणाला, “कांदा अजिबात नाही, फक्त लसूण आहे.” त्याची लबाडी नव्हती. त्याच्या समजुतीत जैन म्हणजे कांदा न खाणारा माणूस, एवढेच होते. अशा स्वयंपाकघरांत सकाळीच मोठ्या पातेल्यात कांद्या-लसणाचे वाटण शिजवून ठेवतात आणि दिवसभराच्या भाज्या त्यातून निघतात. त्यांना वेगळे वाटण करायला सांगणे म्हणजे काजू, टोमॅटो आणि मगजबी नव्याने परतायला सांगणे. गर्दीच्या वेळी ते कोण करणार? म्हणून जो पदार्थ मुळातच आयत्या वेळी करावा लागतो तोच मागवावा. शेव-टोमॅटोची भाजी, जिरे-हिंगाची फोडणी दिलेली डाळ, जिराभात, भाजलेला पापड, बाजरीचा रोटला, तूप, गूळ. महामार्गावरच्या काठियावाडी ढाब्यांवर हे सारे चांगले मिळते आणि ढाब्याची चूल दिवसभर पेटलेली असते, हा आपल्या दृष्टीने त्यांचा मोठा गुण. वांग्याचे भरीत आणि लसणाची चटणी न मागताही पानात येते. ती आधीच नको म्हणावी.

कढीविषयी मात्र विचारून घ्यावे. ताक आधी गरम करून त्यात बेसन घातले तर द्विदलाचा दोष लागत नाही. कच्च्या ताकात बेसन कालवून मग चुलीवर ठेवले तर लागतो. हे नियमाच्या भाषेत सांगू लागलात तर आचारी गोंधळतो. “कढी फाटू नये म्हणून ताक आधी तापवता का?” असे विचारा. तो स्वयंपाकाच्या भाषेत उत्तर देईल आणि आपल्याला हवे ते कळेल. आणखी एक गोष्ट. आपली बरीच मंडळी ढाब्यावर गुजराती किंवा हिंदीतून सूचना देतात. चुलीजवळ पोळ्या लाटणारी, भांडी घासणारी, भाजी निवडणारी बाई मात्र पुष्कळदा जवळच्या पाड्यावरची असते. तिच्याशी मराठीत दोन शब्द बोलले तर तवा पुसून घेण्याची विनंती ती मालकापेक्षा लवकर ऐकते.

गावातला सकाळचा फराळ हा सोपा विषय आहे. डहाणू गुजरातच्या उंबरठ्यावर असल्याने फाफडा, खमण, पपईचा संभारो आणि तळलेली मिरची ही इथली सकाळ. आंबवलेल्या पिठाची जिलबी आमच्या घरातले अर्धे जण खातात, अर्धे खात नाहीत, आणि त्यावरून भांडण होत नाही. इडलीच्या ठिकाणी सांबार टाळून नारळाची चटणी मागावी. किनाऱ्यावर, पारनाक्याच्या बाजूला, शहाळे उत्तम. भेळवाले आता बटाट्याऐवजी कच्चे केळे घालून देतात, पण चिरण्याची सुरी एकच असते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी कोरडी भेळ घ्यावी. वाऱ्याच्या दिशेप्रमाणे सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येतो. पाहुण्यांपैकी काही जण नाकाला पदर लावतात. मला तो प्रकार आवडत नाही. तो कोळी समाजाचा व्यवसाय आहे आणि आपण त्यांच्या अंगणात आलेलो असतो. वास सोसवत नसेल तर सुरूच्या बनाकडे जाऊन बसावे.

घोलवड आणि बोर्डी ही आमच्या भागाची खरी भोजनशाळा, आणि तिथे चूल लागतच नाही. इराणी आणि पारशी बागाईतदारांनी वाढवलेल्या चिकूच्या वाड्या इथे मैलोगणती पसरलेल्या आहेत. ‘डहाणू घोलवड चिकू’ला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. झाडावरचा चिकू कच्चाच उतरवतात, चीक धुऊन काढतात आणि मग तो पिकतो. म्हणून वाडीत जाऊन ताबडतोब पिकलेला चिकू मागू नये. हिवाळ्यात बोर्डीला चिकू महोत्सव भरत आला आहे. वाळवलेल्या चकत्या, भुकटी, लोणचे, मिठाई असे पुष्कळ प्रकार मिळतात. चकत्या प्रवासाला सर्वांत सोयीच्या. इथे चिकूची वाइनही निघते. फळाचे नाव वाचून कोणी हात पुढे करू नये, एवढ्यासाठी सांगितले. वाड्यांमधून पाहुण्यांची राहण्याजेवणाची व्यवस्था होते. इराणी-पारशी स्वयंपाकात अंडे अनेक गोड पदार्थांत असते, म्हणून तिथे गोड मागू नये. पण आधी सांगितले तर डाळ-भात, भेंडी, पोळी साध्या पद्धतीने करून देतात, आणि ज्या अगत्याने देतात ते अगत्य मी अन्यत्र थोडेच पाहिले आहे. आमच्या ओळखीच्या एका वाडीत म्हाताऱ्या बाईंनी आमच्यासाठी वेगळी कढई ठेवली आहे. तिच्यावर रंगाने फुली केलेली आहे, म्हणजे घरातले कोणी चुकून तीत अंडे तळू नये.

उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला ताडगोळे येतात. आमच्या घरी ते चालतात. करवंदे पानाच्या द्रोणात मिळतात, नीट निवडून घ्यावीत. बोरे-जांभळांना सासूबाई तुच्छ फळांत धरतात, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती कोणी खात नाही.

डहाणूहून तलासरीकडे निघाले की वाड्या मागे पडतात आणि पाडे सुरू होतात. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, विवळवेढ्याजवळ, महालक्ष्मीचे देऊळ आहे. तिची यात्रा चैत्री पौर्णिमेपासून भरते. आपली चैत्री ओळी त्याच पौर्णिमेला पुरी होते. नऊ दिवस मीठ-मसाल्यावाचून आयंबिल केलेला माणूस त्या वेळी महामार्गावरून गेला तर तळणीच्या कढयांचा वास त्याची परीक्षा पाहतो. आयंबिल आणि इथल्या आदिवासी घरांतली नागलीची आंबील, या दोन्ही शब्दांच्या पोटात ‘आम्ल’ आहे असे जाणकार सांगतात. रात्री आंबवलेली म्हणून ती आंबील आपल्याला चालत नाही. नागलीची ताजी भाकरी मात्र चालते, आणि तव्यावरून उतरल्याबरोबर खाल्ली तर तिच्याबरोबर दुसरे काही लागत नाही.

तलासरी म्हणजे महाराष्ट्राचे शेवटचे टोक. १ मे १९६० रोजी सीमा आखली गेली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी इकडे राहिली. पुढे अच्छाडचा नाका आला की राज्य संपले. महामार्गावरून धावणाऱ्यांना तलासरी ठाऊक असते ती ‘पारसी दा ढाबा’मुळे. तिथली गर्दी पारशी सामिष पदार्थांसाठी असते. आपल्यापैकी ज्यांना एकाच स्वयंपाकघराचे वावडे आहे त्यांनी पुढे जावे. हिवाळ्यात वलसाडपासून अलीकडे रस्त्याच्या कडेला उबाडियूची मडकी उलटी करून पेटवलेली दिसतात. पापडी, रताळी, कंद, बटाटे पानांत दडपून विस्तवावर भाजतात. सुगंध असा की गाडी आपोआप हळू होते. पापडी तेवढी निवडून द्या म्हणणारे आपले लोक मी पाहिले आहेत. एका मडक्यात कंदांबरोबर शिजलेली पापडी निवडून काय साधते, हे मला समजलेले नाही.

कंदाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगते. आमच्या आळीत भाजीची पाटी घेऊन एक वारली बाई वर्षानुवर्षे येते. पाऊस सुरू झाला की तिच्या पाटीत रानभाज्या असतात. त्या काळात आमच्याकडे पालेभाजी बंद, शेवळे तर कंदाचाच फुलोरा, म्हणून तेही नाही. आमच्या वाट्याला येतात करटोली. सासूबाई त्यांना कंटोळा म्हणतात, ती बाई करटुली म्हणते, आणि भाव दोन्ही नावांना एकच असतो. एकदा आम्ही काय काय खात नाही ते माझ्या मुलीने तिला मोजून दाखवले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, “आमच्या लहानपणी पावसात घरातला भात संपायचा. मग आई रानात जाऊन कडूकंद खणायची.” कडूकंद तसाच खाता येत नाही. काप करून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा विखार काढावा लागतो. एवढे करून जे उरते ते मीठ लावून खायचे. आता रेशनचे धान्य मिळते, तेवढी वेळ येत नाही, असेही तिने सांगितले.

अनंत जीवांच्या विचाराने आपण ज्या कंदाचा त्याग करतो, त्या कंदावर या घरांनी श्रावण-भाद्रपद काढले. त्याच महिन्यांत धान्य उसने मिळे, त्याला खावटी म्हणत. त्याच्या फेडीसाठी शेठ-सावकाराच्या शेतावर वेठ करावी लागे. १९४५ साली तलासरीतील झरी गावी गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने वारली एकत्र आले, आणि त्या लढ्यानंतर वेठीची ती पद्धत मोडली. त्या सावकार-जमीनदारांत पारशी, इराणी, ब्राह्मण, मुसलमान होते तसे वाणीही होते. हे आपल्या मासिकात लिहिण्याचा संकोच असू नये. बाहेर कुठे खावे याची माहिती लिहिताना ते आठवण्याचे कारण एवढेच की, या भागात आपण ज्या तांदळाचा भात खातो तो याच पाड्यांतून येतो आणि ज्या बाईला आपण तवा पुसायला सांगतो ती याच पाड्यांतली असते.

पर्युषणाचे आठ दिवस आपण हिरवी भाजी घेत नाही. आपल्या दृष्टीने ते तप. तिच्या दृष्टीने ऐन पावसात आठ दिवसांची विक्री बुडते. त्यावर तोडगा आम्ही काढला नाही, तिनेच काढला. त्या आठवड्यात ती भाजीऐवजी पूजेची फुले आणि केळीची पाने आणू लागली. पर्युषण कधी लागणार हे ती आता कॅलेंडर पाहून आधीच विचारून ठेवते.

ही माहिती किती वर्षे उपयोगी पडेल, सांगवत नाही. २० जून १९९१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, त्यामुळे मोठे कारखाने आले नाहीत आणि वाड्या बऱ्याच टिकल्या. आता वाढवणला मोठे बंदर होत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. त्याबरोबर रस्ते येतील, माणसे येतील, काचेची उपाहारगृहे येतील, आणि प्रत्येकाच्या पाटीवर ‘जैन’ हा शब्द ठळक अक्षरांत असेल. फुली केलेली कढई तिथे असेल की नाही, ते आत जाऊनच पाहावे लागेल.

बाहेर जेवण्याचे पूर्ण शास्त्र खरे तर आपल्या साधु-साध्वींनाच ठाऊक आहे. ते स्वतः रांधत नाहीत. गाईच्या चरण्यासारखे थोडे इथून, थोडे तिथून घेतात, आणि ४२ दोष टाळून घेतात. कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार सुरू झाले की पहाटेच्या अंधारात महामार्गाच्या कडेने अनवाणी पावले चालताना दिसतात, मुंबईकडे किंवा गुजरातकडे. चारोटी ते अच्छाड या पट्ट्यात आपली घरे तुरळक आहेत. पहाटे गाडीने येणाऱ्या वाचकांनी तेवढ्या अंतरात वेग कमी ठेवावा; अवजड वाहनांची रहदारी तिथे अखंड असते.

कधी साध्वीजी डहाणूत येणार असल्याचे कळते. त्या दिवशी सासूबाई स्वयंपाक नेहमीचाच आणि नेहमीएवढाच करू देतात. त्यांच्यासाठी म्हणून वाटीभर तांदूळही जास्त टाकायचा नाही. गोचरीसाठी त्या दारात आल्या तर आहे त्यातले द्यायचे आणि उरलेल्यात घरच्यांनी भागवायचे. मुलगी त्या दिवशी मुद्दाम रजा घेते. दार साडेदहापासून उघडे असते.